मागच्या बाकावरचा आवाज

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा प्रॉम्प्टर आहे. हे सांगितलं की लोक आधी विचारतात, "म्हणजे काय?" आणि ते समजावून झालं की विचारतात, "बरं, पण काम काय करतात?" काम म्हणाल तर सकाळी ते आमच्या नाट्यगृहाच्या कचेरीत बसतात, प्रयोगांच्या तारखा लावतात, फोन घेतात. पण त्यांना स्वतःला विचाराल तर ते म्हणतील, मी प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या कडेला विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची प्रत, फक्त कागदावर उजेड पडेल असा झाकलेला दिवा, आणि नट वाक्य विसरला की ते त्याच्या कानापर्यंत पोचवायचं. पहिल्या रांगेला सुगावा लागता कामा नये. मी त्यांच्याच नाटक कंपनीत रंगभूषा करते. टोप बसवते, मिशा चिकटवते, तरण्यांना म्हातारं करते आणि म्हाताऱ्यांना तरणं करायचा प्रयत्न करते. त्यामुळे भाऊजी मला घरीही दिसतात आणि कामावरही. दोन्हीकडे माणूस एकच असेल असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते.

नटमंडळींनी त्यांचं नाव कुजबुजे ठेवलं. ते इतकं रुळलं की नवी पोरंपोरी त्यांना "कुजबुजेसर" म्हणतात आणि हे खरं आडनाव नव्हे हे त्यांना वर्ष उलटलं तरी कळत नाही. एकदा घरी "श्री. कुजबुजे आणि कुटुंबीय" अशी लग्नपत्रिका आली. ताई दोन दिवस धुमसत होती. भाऊजींनी मात्र ती पत्रिका आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली, आणि ती बरेच दिवस तिथं होती.

त्यांच्या कामाचे नियम त्यांनी स्वतःच केलेले. पहिला असा की वाक्यातले पहिले दोनच शब्द द्यायचे. पुरं वाक्य देणं म्हणजे नटाचा अपमान. दुसरा नियम पॉजचा. नट गप्प झाला म्हणजे तो विसरला असं नसतं. पुष्कळदा तो मुद्दाम थांबलेला असतो, आणि त्या थांबण्यातच नाटक असतं. अशा वेळी विंगेतून शब्द गेला की सगळ्याचा चुथडा. शिकाऊ मंडळी घाबरून पुढं सरसावली की भाऊजी हात आडवा करून म्हणायचे, "थांब. पॉज आहे."

मी एकदा विचारलं, तुम्हाला कळतं कसं? ते म्हणाले, "हात बघायचे. थांबलेल्या नटाचे हात भूमिकेत असतात. विसरलेला नट हातांचं काय करायचं तेही विसरतो." नंतर मी मुद्दाम बघत राहिले आणि ते खरं निघालं. आमचे राजे, म्हणजे ज्यांना नेहमी राजाचीच कामं मिळतात ते मोठे नट, विसरले की त्यांचा उजवा हात कंबरेपाशी काहीतरी शोधायला लागायचा. तलवार तर दुसऱ्या बाजूला असायची.

भाऊजींना एकेकाळी नटच व्हायचं होतं. एकदा संधीही मिळाली होती. छोटं काम, आत येऊन एक बातमी सांगायची. ते आत आले आणि बातमी डोक्यातून पुसली गेली. विंगेत कुणी नव्हतं, प्रॉम्प्टर चहा प्यायला गेला होता. ते उभे राहिले, उभेच राहिले, आणि लोक हसायला लागले. शेवटी पडदा ओढावा लागला. हा किस्सा ते स्वतः रंगवून सांगतात, सगळे हसतात, तेही हसतात. मी मात्र त्यांच्या कानाच्या पाळ्या बघते. इतक्या वर्षांनंतरही त्या लाल होतात.

आता त्यांच्या मुलीविषयी. एकुलती एक. ताई तिला लहानपणी वैतागून गोगलगाय म्हणायची, त्याचं गोगी झालं. नाव अगदी शोभायचं. जेवायला बसली की सगळ्यांत शेवटी उठणार. बुटाची नाडी बांधायला बसली की मध्येच नाडी हातात धरून भिंतीकडे बघत राहणार. काही विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. ताई म्हणायची, "माझ्या पोटी ही आली कुठून?" ताई रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या पायाला भिंगरी आणि तोंडाला कुलूप नाही, त्यामुळे घरात शांतता अशी फक्त गोगीच्या आसपास असायची.

आणि ती शांतता भाऊजींना सहन व्हायची नाही. पाहुणे विचारायचे, "काय गं, कितवीत गेलीस?" गोगी तोंड उघडायच्या आत भाऊजी सांगून मोकळे. "चित्रकला आवडते का?" "आवडते ना, रंगपेटी आणलीय तिला." दुकानदार विचारायचा, कुठला रंग दाखवू, की भाऊजी म्हणायचे, निळा. पहिले दोनच शब्द वगैरे नियम नाट्यगृहात. घरी पुरंच्या पुरं वाक्य, वर त्याचा अर्थही. सकाळी उठवायचे तेच, दप्तर बघायचे तेच, परीक्षेच्या दिवशी पेन चालतंय ना ते हातावर रेघ ओढून तेच बघायचे. गोगी अठराची झाली तरी हे चालूच. मी चिडवायचे, "भाऊजी, सासरीसुद्धा हिच्याबरोबर स्टूल घेऊन जाणार का तुम्ही?" ते हसायचे आणि म्हणायचे, "अडते गं ती."

शाळा संपली. गुण जेमतेम, पास म्हणायला लाज वाटेल आणि नापास म्हणता येणार नाही असे. मग गोगीनं अंथरूण धरलं. आजारी नव्हती, नुसती लोळायची. दुपारी उठायची, खिडकीत बसायची, कुणी कपडे वाळत घातले तर ते वाळेपर्यंत बघायची. पुढं काय, असं विचारलं तर खांदे उडवायची.

ते दिवस भाऊजींनी तोंड लपवून काढले. जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब भेटायचे, त्यांचा नातू कुठंतरी पहिला आलेला असायचाच, आणि ते विचारायचे, "आपल्या कन्येचं काय?" आपलेच दात आपलेच ओठ. भाऊजी म्हणायचे, "चाललंय, दोन-तीन ठिकाणी बघतोय." पुढं पुढं तर जिन्यात साहेबांची चप्पल वाजली की भाऊजी दाराआड थांबायला लागले. ते मला एकदा म्हणाले, "मला माझ्या मुलीची लाज वाटते. आणि वाटते याची त्याहून जास्त वाटते." मी त्यांच्यासमोर चहा ठेवला. दुसरं काय करणार?

विद्यापीठात पाठवायची की नाही यावरून घरात रोज खडाखडी. ताईचं म्हणणं स्पष्ट होतं. "तिला स्वतःहून उठता येत नाही. तिकडे वसतिगृहात कोण उठवणार आहे? आपण तिला ढकलणार, आणि ती जाऊन तिथं लोळणार. एवढंच ना?" भाऊजींचं म्हणणं, एकदा आत गेली की वातावरणानं सुधारेल. मला विचारलंत तर मी ताईच्या बाजूची होते. ज्या मुलीला आंघोळीला जा म्हणून तीनदा सांगावं लागतं तिला पदवीला कसलं पाठवता? पण मावशीला विचारतो कोण, आणि गोगीला तर कुणीच विचारत नव्हतं. ती तिथंच बसलेली असायची, आपल्याच लग्नाची बोलणी ऐकावीत तशी.

शेवटी भाऊजींनी वनस्पतिशास्त्राचा अर्ज करायला लावला. का, तर त्या विषयाला गर्दी कमी. घराच्या बाल्कनीत एकच कुंडी होती आणि तिच्यातलं झाड गोगीनं पाणी घालायचं विसरून केव्हाच वाळवलं होतं. काठावरच्या मुलांना विद्यापीठ भेटायला बोलावतं, तसं गोगीलाही बोलावणं आलं, आणि भाऊजींनी बैठकीच्या खोलीत तालमी सुरू केल्या. ते मुलाखत घेणाऱ्या बाई व्हायचे, खुर्चीवर ताठ बसायचे आणि विचारायचे, "तुला हाच विषय का घ्यावासा वाटला?" गोगीनं म्हणायचं, "मला लहानपणापासून झाडांची ओढ आहे." पुढं, "आमच्या बाल्कनीतल्या झाडांची निगा मीच राखते."

"झाड वाळलंय," गोगी म्हणायची.

"ते त्यांना कुठं दिसतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. ओढ म्हणताना जरा थांब. हां, असं."

मुलाखतीच्या दिवशी ताईची ड्यूटी होती, म्हणून मी बरोबर गेले. भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता, राजांच्या नव्या नाटकाच्या शुभारंभाला घालतात तो. बसमध्ये ते गोगीकडून वाक्यं म्हणवून घेत होते, ओठ हलवून, आवाज न करता. गोगी बाहेर बघत होती.

खोली म्हणजे साधा वर्ग. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, उंच खिडक्या, पडदा नावाला नाही. टेबलामागे मध्यमवयीन प्राध्यापक बाई, त्यांच्या शेजारी एक तरुण शिक्षक आणि लिहून घेणारा कारकून. ज्यांची पाळी यायची होती ती मुलं मधल्या बाकांवर, आणि पालकांनी मागच्या बाकांवर बसायचं. आम्ही अगदी शेवटच्या बाकावर बसलो. गोगीचं नाव पुकारलं, ती पुढं गेली. खुर्ची टेबलापासून तिरकी होती, त्यामुळे आम्हाला तिचा एक गाल आणि मांडीवरचे दोन्ही हात दिसत होते.

बाईंनी आधी शाळेचं विचारलं, घर कुठं ते विचारलं. गोगीनं सांगितलं, हळू, पण सांगितलं. मग बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. "गुणांचं राहू दे. मला एवढंच सांग, तुला इथं का यायचंय?"

गोगी गप्प बसली.

बाई थांबल्या. गोगीनं त्यांच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग परत त्यांच्याकडे. मधल्या बाकावरच्या एका मुलानं घसा खाकरला. शेजारी भाऊजींचा श्वास बदललेला मला कळला. विंगेत शब्द देण्याआधी ते असा श्वास घेतात. मी त्यांच्या बाहीला हात घातला, पण तोवर उशीर झाला होता.

"मला लहानपणापासून झाडांची ओढ आहे..."

भाऊजींची कुजबुज म्हणजे मापून केलेली गोष्ट आहे. जाड पडदे, लाकडी तळ, समोर माणसांनी भरलेलं सभागृह, एवढं सगळं पिऊन उरेल तेवढाच आवाज नटाला मिळायला हवा असा तो बसवलेला. त्या उघड्या खोलीत तो प्यायला काहीच नव्हतं. भिंतीला लागून शब्द न शब्द टेबलापर्यंत गेला. आणि गोगीनं लगेच उचललं नाही म्हणून त्यांनी पुढचंही दिलं. "आमच्या बाल्कनीतल्या झाडांची निगा मीच राखते."

मधल्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. कारकुनाचं पेन थांबलं. बाईंनी मान वर करून मागं बघितलं आणि विचारलं, "कोण बोललं?"

भाऊजी उभे राहिले. शाळेत चूक सापडलेलं पोर राहतं तसे, हात कुठं ठेवावेत ते न कळून. "मी. मी वडील."

"बसा," बाई म्हणाल्या. रागानं नाही. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. ते बसले नाहीत. बसायचं त्यांना सुचलंच नाही. सगळी खोली मान वळवून त्यांच्याकडे बघत होती, इस्त्रीच्या सदऱ्याकडे, लाल झालेल्या कानांकडे. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नुसती मेहुणी, तर त्यांचं काय झालं असेल.

तेवढ्यात गोगी बोलली. मागं वळून न बघता, स्पष्ट आवाजात. "मला लहानपणापासून झाडांची ओढ आहे. आमच्या बाल्कनीतल्या झाडांची निगा मीच राखते." ओढ म्हणताना शिकवल्याप्रमाणे थांबलीसुद्धा.

तरुण शिक्षकानं विचारलं, "कुठली झाडं आहेत?"

"एक होतं," गोगी म्हणाली. "ते वाळलं."

आता सगळेच हसले. बाई हसल्या नाहीत. त्या थोडा वेळ गोगीकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "या वर्षी घाई नको करूया. पुढच्या वर्षी यावंसं वाटलं तर ये." आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर बसथांब्यावर आम्ही तिघं एका बाकावर बसलो. मी मध्ये. भाऊजींनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, परत सोडल्या. बराच वेळ गेल्यावर ते माझ्यावरून वाकून म्हणाले, "अडली होतीस ना?" विचारत नव्हते, विनवत होते.

"नाही," गोगी म्हणाली.

"मग गप्प का बसलीस?"

"सांगणार होते. मनात नीट लावत होते. मला वेळ लागतो."

"काय सांगणार होतीस?"

गोगीनं आताही वेळ घेतला. "सांगणार होते की मला माहीत नाही. का यायचंय ते माहीत नाही. पण घरात पडून राहून ते कळत नाही, एवढं आता कळलंय. म्हणून यायचंय."

त्या बाईंना ज्या उत्तरासाठी प्रश्न विचारायचा असतो ते हेच असणार, हे मला, टोप विंचरणाऱ्या बाईलासुद्धा कळलं. भाऊजींना तर माझ्याआधीच कळलं होतं.

"मग माझं वाक्य का म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही उभे होता ना," ती म्हणाली. "सगळे तुमच्याकडे वळून बघत होते. मी वाक्य उचललं नसतं तर तुम्ही उगाच मध्ये बोललात असं दिसलं असतं."

बस आली. भाऊजी चढले नाहीत. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो," म्हणाले. बस हलली तेव्हा मी खिडकीतून बघितलं, ते दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून बसले होते.

संध्याकाळी प्रयोग होता. ते वेळेवर आले, स्टुलावर बसले. राजे दोनदा अडले, हात कंबरेपाशी गेला, आणि दोन्ही वेळा शब्द उशिरा आला. मध्यंतरात राजे रंगपटात येऊन जे सुटले! "कुजबुजे, झोपला होता काय? माझी इज्जत घालवता?" भाऊजी मान खाली घालून ऐकत राहिले. मी राजांची दाढी पुन्हा चिकटवत होते, ती जरा जास्तच दाबून चिकटवली.

सगळे गेल्यावर भाऊजी माझ्या आरशापाशी आले. "तिचे हात मला दिसत होते," ते म्हणाले.

"मलाही दिसत होते."

"एकावर एक ठेवलेले. शांत. पॉज होता गं तो, चांगला पॉज होता. परक्याच्या पोरीचा असता तर मी ओळखला असता. उभ्या आयुष्यात मी कुणाच्या पॉजमध्ये बोललो नाही." आणि मग, "ती पंधरा-सोळा वर्षं गप्प राहून जे काय म्हणणार होती, ते सगळं मीच बोललो असणार. बघ ना, मला काही आठवतच नाही तिचं वाक्य." दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी त्या दिवशी बघितला.

त्या दिवसापासून त्यांनी घरात प्रॉम्प्टिंग सोडलं. सोडलं म्हणजे पार तोंडच बंद केलं. गोगीला उठवेनात. ती दुपारपर्यंत झोपायची, ताई आदळआपट करायची. "काय धाड भरलीय तुम्हा दोघांना?" ताईला सगळं मी सांगितलं होतं, पण तिचा स्वभाव असा की दुखलं की आवाज चढतो. एकदा साहेब घरात येऊन बसले आणि त्यांनी थेट गोगीलाच विचारलं, "मग, प्रवेश कुठं घेतला?" भाऊजींनी खालचा ओठ दातांत धरला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग गोगी म्हणाली, "कुठंच नाही. मिळाला नाही." साहेब चपापले, भाऊजींचे कान पेटले, पण आभाळ काही कोसळलं नाही. साहेबांनी चहा संपवला आणि ते गेले.

पुढं गोगीला कंटाळा आला असावा. चौकातल्या लाँड्रीत ती काउंटरवर उभी राहायला लागली, कपडे घ्यायचे, चिठ्ठी लावायची, इस्त्री झालेले परत द्यायचे. उशिरा येते म्हणून मालकानं महिन्याभरात घरी बसवलं. आधीचे भाऊजी असते तर मालकाशी चार गोड शब्द बोलून आले असते. हे भाऊजी बाल्कनीत जाऊन त्या वाळक्या कुंडीपाशी उभे राहिले. गोगीनं गजराचं घड्याळ आणलं, घरभर ऐकू जाईल असं कर्कश, आणि स्वतःच जाऊन मालकाशी बोलली. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. त्यानं परत घेतली. हे मी फार मोठं म्हणून सांगत नाही. अजूनही सुटीच्या दिवशी ती दुपारपर्यंत लोळते.

अर्जांचे दिवस पुन्हा आले. ताई भाऊजींच्या मागं लागली, आठवण करा तिला, विसरेल ती. भाऊजी म्हणायचे, "नाही." ताई माझ्या मागं लागली. मीही तोंड आवरलं, कसं ते माझं मला माहीत. शेवटच्या आठवड्यात भाऊजींना जेवण जाईना. ज्या माणसाला भरल्या सभागृहात अंधारातून कळायचं की हा थांबलाय की विसरलाय, त्याला स्वतःच्या पोरीचं वर्षभर बघूनही कळत नव्हतं. विचारावं तर कुठल्या तोंडानं विचारणार, असं त्यांचं झालं होतं.

शेवटच्या तारखेला दुपारी आम्ही रंगपटात होतो. मी टोप विंचरत होते, भाऊजी नव्या नाटकाच्या प्रतीत पेन्सिलीनं पॉजच्या खुणा करत होते. गोगी लाँड्रीतून तशीच आली, अंगाला इस्त्रीच्या वाफेचा वास.

"बाबा, आज अर्जाची शेवटची तारीख आहे. माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग बोलला नाहीत?"

भाऊजींनी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. पेन्सिल खाली पडली. ती उचलायला हात गेला, मध्येच थांबला, खिशाकडे वळला, तिथूनही परतला. हा काही पॉज नव्हता. माणूस पुरता अडला होता. मला त्यांचं वाक्य माहीत होतं, जिभेवरच होतं. मी म्हणायला लागले, "अगं, त्यांना वाटलं..."

गोगीनं माझ्यासमोर हात आडवा केला. "थांब, मावशी."

आणि ती थांबली. भिंतीला टेकून, वडलांकडे बघत, तिच्या त्या जगप्रसिद्ध सावकाशीनं. बाहेर मंचावर सुतार खिळे ठोकत होता. त्याचं काम थांबलं, परत सुरू झालं.

"मला लाज वाटते," भाऊजी म्हणाले. "तुझ्याशी काही बोलायला जातो आणि त्या खोलीतला माझाच आवाज ऐकू येतो. तू मला झाकलंस. माझ्यासाठी तुझं वर्ष घालवलंस. मला फार लाज वाटते, बाळा."

गोगीनं ऐकून घेतलं. नाही हो, असं काही नाही, असलं काही म्हणाली नाही. खाली वाकून पेन्सिल उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"मी सोमवारीच भरलाय अर्ज," ती म्हणाली.

भाऊजींच्या ओठांवर प्रश्न आलेला मला दिसला, कुठला विषय, आणि त्यांनी तो गिळलेलाही दिसला.

"मुलाखतीला बोलावलं तर तुम्ही यायचं."

"मी नको."

"यायचं. मागच्या बाकावर बसायचं."

ते पेन्सिलीकडे बघत राहिले. "आणि तू गप्प बसलीस तर? खूप वेळ?"

"तर वाट बघायची, बाबा."

एवढं सांगून ती गेली. तिची जेवणाची सुट्टी संपत आली होती.